२० पैशांचं निळं टपाल तिकीट, आंतरसंसदीय परिषदेचं
महाद्वार रोडजवळच्या एका जुन्या नाणी-तिकिटांच्या दुकानात हे कोरं, न वापरलेलं तिकीट ४० रुपयांना मिळालं. ३० ऑक्टोबर १९६९ ला निघालेलं, दिल्लीत भरलेल्या ५७ व्या आंतरसंसदीय परिषदेचं. देशोदेशीच्या खासदारांना १८८९ पासून एकत्र बसवणाऱ्या आंतरसंसदीय संघाची ही परिषद, आणि त्या वर्षी यजमान आपण!

चित्र एक नंबर. आपलं जुनं गोल संसद भवन, सोबत पृथ्वीचा गोल, सगळं एकाच निळ्या शाईत. भिंग लावून खांबांची रांग बघा. छपाई नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसची. एवढ्याशा कागदावर असलं काम म्हणजे नाद खुळा. दातेरी कडाही चारी बाजूंनी धड आहेत.

तक्रार एकच. दुकानदार म्हणाला होता, 'डिंक शाबूत आहे,' पण मागं हिंजचा, म्हणजे अल्बममध्ये तिकीट चिकटवायच्या कागदी पट्टीचा, पिवळा डाग निघाला. तेवढ्यासाठी पाच-दहा रुपये कमी करायला पाहिजे होते. घेणाऱ्यानं चिमट्यानं उलटं करून बघावं, मगच पैसे द्यावेत.

तरीही घ्याच. १९९३ साली दिल्लीत ८९ वी परिषद झाली, तिचंही तिकीट निघालंय. अल्बममध्ये दोन्ही शेजारी-शेजारी लावा, लई भारी दिसतात.