दोन कामांचे पैसे रोख, तिसऱ्याला ठेंगा

पहिल्या कामाचे पैसे त्या ठेकेदाराने काम संपायच्या आत हातावर ठेवले. दुसऱ्याचे तर मी तोंड उघडायच्या आधीच. घरी येऊन बायकोला म्हणालो, "असे चार जण भेटले तर आपलं बस्तान बसलंच समज." ती म्हणाली, "आधी हा एक नीट बघा." तिचं न ऐकल्याची किंमत पुढे दोन वर्षं फेडत होतो.

बारा वर्षं दुसऱ्यांकडे कामाला होतो. आधी बिगारी, मग टाइल्सवाल्याचा हेल्पर, मग स्वतः मिस्त्री. नळाची फिटिंग, गिलाव्याची डागडुजी, रंग, दाराचं बिजागर, खिडकीची कडी, सगळ्यावर हात बसलेला. वाटलं, आता आपलंच सुरू करू. ड्रिल मशीन होतं, कटर नवा घेतला, ग्राइंडर जुनाच चालवला. 'घरदुरुस्तीची सर्व कामे' अशी कार्डं छापली. सगळं होतं, फक्त गिऱ्हाईक नव्हतं. काम नसलेल्या मिस्त्रीच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं असतं, आणि फसवणारा आधी तेच वाचतो.

हा माणूस स्वतःला ठेकेदार म्हणवायचा. बोलणं गोड, कपडे स्वच्छ, फोन सतत कानाला. "मिस्त्री, माझ्याकडे कामं पडून आहेत, भरवशाची माणसं मिळत नाहीत," हे त्याचं पहिलं वाक्य. पहिलं काम अर्ध्या दिवसाचं: गळका नळ आणि जमिनीला घासणारं दार. दुसरं दोन दिवसांचं, एका खोलीचा रंग. दोन्ही वेळा रोख पैसे, वर "तुमच्यासारखा हात नाही" हे कौतुक. आज हिशेब मांडला की दिसतं, त्या दोन कामांचे पैसे म्हणजे त्याने माझ्यात केलेली गुंतवणूक होती. रक्कम किरकोळ, परतावा भरपूर.

तिसरं काम अख्ख्या घराचं. दोन बाथरूम तोडून नवीन, स्वयंपाकघराचा ओटा, आणि सगळीकडे पुट्टी-रंग. आधीची दोन्ही कामं फक्त मजुरीवर होती. या वेळी म्हणाला, "साहित्यासकट घ्या. तुमची दुकानात ओळख आहे, मालात तुम्हालाही चार पैसे सुटतील." मला ते सन्मानासारखं वाटलं. हेल्परपासून सुरुवात केलेल्या माणसाला 'साहित्यासकट' म्हटलं की आपण आता धंदेवाले झालो असं वाटतं. अ‍ॅडव्हान्स दिला एकूण रकमेच्या जेमतेम 10 टक्के. बाकीचं "मालकाचा हप्ता आला की लगेच."

आणि एक अट. मालकाशी थेट बोलायचं नाही. "ही आपल्या धंद्याची रीत आहे, तुम्हाला काय सांगायचं."

इथे मी फसलो याची मला फार लाज वाटत नाही, कारण ही अट अगदीच खोटी नव्हती. मध्यस्थाला बाजूला सारून परस्पर गिऱ्हाईक गाठणारे मिस्त्री असतात, मी स्वतः पाहिलेत. त्यामुळे एखादा सरळ ठेकेदारही हीच अट घालू शकतो. लबाडाची हुशारी यातच आहे, तो खोटं फारसं बोलतच नाही. धंद्यातली खरी रीत उचलतो आणि तिच्या आडोशाला उभा राहतो.

तोडफोड सुरू झाली. जुन्या बाथरूमची फरशी उकरली की खाली काय निघेल हे कुणालाच माहीत नसतं. इथे निघाले सडलेले पाइप. हात लावला तर पापुद्रे सुटत होते. मी फोन केला, "पाइप बदलावे लागतील, हे आपल्या ठरलेल्यात नाही." तो म्हणाला, "अहो, करून टाका. एक्स्ट्रा लावू." मग नहाणी ट्रॅपची, म्हणजे बाथरूमचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीची, जागा बदलायची निघाली. "करून टाका." गीझरसाठी वेगळी लाइन. "करून टाका." बेसिनखालची भिंत ओलीने फुगलेली, गिलावा पाडून नवा. "करून टाका." नंतर बायकोने वहीवरून मोजलं, असं सतरा वेळा झालं होतं. सतराही वेळा फोनवर. मी मेसेज टाकला की उत्तर म्हणून त्याचा फोन यायचा, लिहून कधीच काही नाही. मी समजायचो, माणूस कामात आहे, टाइप करायला सवड नसेल.

कामात मात्र मी कसूर केली नाही, आणि हे सांगण्यामागे कारण आहे. पाइपलाइन भिंतीत बुजवण्याआधी दाब देऊन तपासली. वॉटरप्रूफिंगचे कोट जमिनीवर, भिंतीवर फूटभर वर, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत चढवले. सुकल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवलं, 48 तास. पाण्याच्या पातळीला भिंतीवर खडूची रेघ मारली. ही रेघ म्हणजे बाथरूमच्या कामातला सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. पाणी उन्हाने किंवा वाऱ्याने किंचित कमी होईल, पण बोटभर उतरलं तर समजायचं, कुठेतरी वाट सापडलीय. माझी रेघ तशीच्या तशी होती. खालच्या घराच्या छतालाही ओल नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो आला. वाकून रेघ बघितली, "वा, मिस्त्री!" म्हणाला आणि फोन काढून फोटो घेतले. एक रेघेचा, एक पाण्याचा, एक माझा, हातात गिलाव्याची करणी धरलेला. मला वाटलं, माणसाला कामाची कदर आहे. ते फोटो त्याने त्याच संध्याकाळी मालकिणीला पाठवले आणि त्यावर तिच्याकडून पुढचा हप्ता घेतला. हे मला दोन महिन्यांनी कळलं. माझ्या खडूच्या रेघेवर पैसे निघाले, पण माझ्यापर्यंत आले नाहीत.

टाइल्स बसल्या. दर मीटरला साधारण दीड सेंटीमीटर उतार, बादली ओतली की पाणी सरळ ट्रॅपकडे. टाइल्स मोजापेक्षा 10 टक्के जास्त आणल्या होत्या, एकाच बॅचच्या, म्हणजे पुढे एखादी फुटली तर शेड जुळेल. हे सगळं माझ्या नावावर, दुकानाच्या उधारीवर. त्याच्याकडे पैशाचा विषय काढला की कधी मालक बाहेरगावी, कधी बँकेला सुट्टी. एकदा फारच मागे लागलो तर पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला. तारीख होती, माझं नाव होतं, रक्कम होती, हिरवी खूण होती. नव्हते ते फक्त माझ्या खात्यात पैसे. म्हणाला, "सर्व्हर डाउन असेल, उद्या दिसतील." उद्या, परवा, तेरवा. असा स्क्रीनशॉट बनवायला पाच मिनिटं लागतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता मी कुणी स्क्रीनशॉट दाखवला तर बघतही नाही, स्वतःचं खातं उघडून बघतो.

तुम्ही विचाराल, काम थांबवलं का नाही? हाच प्रश्न मला सगळ्यांनी विचारला, आणि विचारणाऱ्यांनी कधी अर्धं काम अंगावर घेतलेलं नसतं. अर्ध्यावर थांबलं तर घातलेलं साहित्य भिंतीत गेलेलं असतं, ते काढून परत नेता येत नाही. बसवलेली टाइल उचकटली तर तिचा राडारोडा होतो. एवढे घातलेत, थोडे आणखी घातले की सगळे एकदम सुटतील, असं मन सांगत राहतं. जुगाऱ्याचं मनही बहुतेक हेच सांगत असेल.

शेवटी टाइल्सच्या फटींत ग्राउट भरून झालं, रंगाचा दुसरा हात झाला, घर पुसून स्वच्छ केलं. तो म्हणाला, "मालक राहायला येतायत, किल्ली द्या. तीन दिवसांत बसून हिशेब करू." मी किल्ली दिली. एवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती, तीही.

चौथ्या दिवशी त्याचा व्हिडिओ आला. कुणीतरी नाण्याने टाइलवर टकटक करतंय आणि आवाज पोकळ येतोय. खाली त्याचा आवाज, "मिस्त्री, काम कच्चं निघालं, मालक पैसे कापणार." मी पाच वेळा तो व्हिडिओ बघितला. टाइल पांढरी होती, कडेला निळी पट्टी. मी त्या घरात निळ्या पट्टीची एकही टाइल लावली नव्हती. फोन करून तेवढंच सांगितलं. त्याने फोन ठेवला तो कायमचा.

मग मी ती अट मोडली आणि सरळ त्या घरी गेलो. दार उघडलं एका वयस्क बाईंनी. मी म्हणालो, "काकू, तुमचं बाथरूम मी केलंय." त्या एकदम दोन पावलं मागे सरकल्या. त्याने त्यांना सांगून ठेवलं होतं की मिस्त्री भांडखोर आहे, पैसे घेऊन पळायच्या बेतात आहे, दारात आला तर आत घेऊ नका. म्हणजे मला मालकाशी बोलू नका आणि मालकाला मिस्त्रीशी बोलू नका. मधली भिंत त्याने बांधली होती आणि तिच्यातून पैसे एकाच बाजूने जात होते.

मी दारातच उभा राहून बोललो. कुठला पाइप कुठून जातो, गीझरच्या लाइनचा कॉक कुठे आहे, जादा टाइल्सचा खोका माळ्यावर कोणत्या कोपऱ्यात ठेवलाय. हे ऐकल्यावर त्यांनी आत बोलावलं आणि वही दाखवली. प्रत्येक हप्ता, तारीख, त्याची सही. पूर्ण रक्कम दिलेली. सतराही एक्स्ट्रांचे पैसे वेगळे दिलेले, पाइपांचे तर मी सांगितलेल्या आकड्याच्या दुप्पट. शेवटचा हप्ता मी किल्ली दिली त्याच्या आदल्या दिवशीचा. काकूंना वाईट वाटलं, पण त्या दुसऱ्यांदा पैसे का देतील? त्यांनी द्यावेत असं मलाही वाटलं नाही.

तक्रार करायला गेलो तिथे पहिला प्रश्न, "करार कुठाय?" तोंडी करार हाही करारच असतो म्हणतात, पण सिद्ध कशाने करणार? माझ्याकडे होते माझेच मेसेज आणि त्याचे फोन. दुकानदाराची बिलं माझ्या नावावर. त्याच्या नावावर काहीच नव्हतं, कार्डावरचा पत्ताही दुसऱ्याचाच निघाला. हेल्परचे पैसे मी थकवले नाहीत. नवा कटर विकला. दुकानदार जुना ओळखीचा होता म्हणून हप्त्यांवर थांबला, नाहीतर धंदा तिथेच बुडाला होता.

आता मी काय करतो ते थोडक्यात. साहित्याचे पैसे गिऱ्हाईक थेट दुकानात देतं, माझ्या नावावर उधारी नाही. मध्ये ठेकेदार असला तर एकदा तरी मालक, तो आणि मी, तिघं समोरासमोर बसतो. जो याला नाही म्हणतो त्याचं काम मीही घेत नाही, मग भले घरी बसावं लागो. हप्ते ठरवतो ते झाकण्याआधीचे: भिंत बुजवण्याआधी एक, टाइल लागण्याआधी एक. एकदा काम झाकलं गेलं की त्यावरचा आपला जोर संपतो. एक्स्ट्रा काम निघालं की हत्यार खाली ठेवतो, काय निघालं, किती लागेल हे लिहून पाठवतो आणि लेखी 'हो' आल्याशिवाय हात लावत नाही. फोनवर 'हो' आलं तर फोन ठेवून मीच लिहितो, "आत्ता तुम्ही म्हणालात त्याप्रमाणे..." आणि तेही मान्य करून घेतो. काही गिऱ्हाइकांना हे खटकतं. एक जण म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही वकील आहात का?" मी म्हटलं, "नाही, एकदा गरज पडली होती, तेव्हा नव्हता." किल्ली हिशेबानंतर.

गेल्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तरुण मुलगा, नुकतंच स्वतःचं काम सुरू केलेला. म्हणाला, "दादा, एका ठेकेदाराने तुमचा फोटो दाखवला, बाथरूममध्ये पाणी भरलंय आणि तुमच्या हातात करणी आहे तो. म्हणाला, हे माझे जुने मिस्त्री. मी दुकानात तुमचा नंबर शोधला. माणूस कसा आहे?"

मी विचारलं, "तुला पैसे दिले का त्याने?"

"हो दादा, दोन कामं झाली, दोन्हींचे रोख दिले."

"आणि तिसरं?"

"उद्यापासून सुरू करतोय. साहित्यासकट आहे."