कपडे पाहिले, काटा पाहिला नाही

आमच्या दर्यापूर तालुक्यात कापूस दारावरच विकण्याची, म्हणजे खेडा खरेदीची, रीत जुनी आहे. गाडीभाडे वाचते आणि पैसे रोख मिळतात. गेल्या हंगामात याच व्यवहारात माझी फसवणूक झाली. ज्यांच्या घरात अजून कापूस पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

एकाच दिवशी दोन खरेदीदार आले. पहिला शेजारच्या गावचा, दरवर्षी येणारा. अंगात मळकी बंडी, जुन्या गाडीत दांडीचा गंजलेला काटा. दुसरा इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेला, चारचाकीतून उतरताच माझ्या वडिलांच्या पाया पडणारा. त्याच्याजवळ नवा कोरा इलेक्ट्रॉनिक काटा होता. भाव दोघांचाही क्विंटलला ७,००० रुपयेच होता, त्यामुळे मी भावाला भुललो असे म्हणायलाही जागा नाही. मी पहिल्याला परत पाठवले.

वेचाईची मजुरी किलोवर द्यावी लागत असल्याने रोजचे वजन आमच्या वहीत असते. वहीत २२ क्विंटल होते, त्याच्या काट्यावर १८ क्विंटल ९० किलो भरले. घरात ठेवलेला कापूस वाळून थोडा घटतो, हे त्याने इतक्या अदबीने समजावले की वही हातात असूनही मी मान डोलावली. गाडीत जागा न उरल्याने एक गाठोडे ओट्यावर राहिले. चिठ्ठीत त्याचे वजन ३८ किलो होते. संध्याकाळी गिरणीतल्या काट्यावर ते साडेत्रेचाळीस किलो भरले. तोवर त्याचा फोन बंद झाला होता आणि गाडीचा क्रमांक कोणीच लिहून घेतला नव्हता. वाळल्याची घट धरूनही माझे १८,००० रुपयांच्या आसपास गेले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवून दिले होते की, सैन्यातील अधिकारी ज्या जवानाच्या शरीरयष्टीला चांगले गुण देत, त्याच्या बुद्धीला आणि चारित्र्यालाही बहुधा तसेच गुण देत. मीही कपड्यांचे गुण काट्याला देऊन बसलो. ज्या जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली गाडगेबाबा जन्मले आणि ज्यांना आम्ही चिंध्यांच्या वेशातच पूजतो, तिथल्या माणसाने मळक्या बंडीवरून कोणाला दारातून परत लावावे, याची मला पैशांपेक्षा अधिक खंत आहे.

इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी व्हावी लागते. ते प्रमाणपत्र मागावे. घरात युरियाची न फोडलेली गोणी असेल तर ती काट्यावर ठेवावी. ती ४५ किलोची असते. हे सुरुवातीलाच नव्हे, तर मोजणी चालू असताना मध्येच अचानक करावे, कारण काट्यात दुरून फेरफार करता येतो. गाडीच्या क्रमांकाचा फोटो आधी काढावा. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

ओट्यावरचे ते गाठोडे मी दुसऱ्या दिवशी त्या बंडीवाल्याला बोलावून दिले. त्याने मी न मागताच आधी शिक्का असलेले २० किलोचे वजन पारड्यात टाकून काटा दाखवला, मग गाठोडे चढवले आणि चिठ्ठीवर ४३ किलो ४०० ग्रॅम लिहिले.