‘साठ अँपिअर’चा ईएससी आणि गेलेले २३,२५० रुपये

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या, ४५० साइजच्या इलेक्ट्रिक हेलिकॉप्टरचं इलेक्ट्रॉनिक्स बदलण्यात २३,२५० रुपये गेले. विसार १२,००० यूपीआयने, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्याजवळ माल ताब्यात घेताना ९,४०० रोख आणि चार दिवसांनी ‘प्रोग्रॅमिंग कार्डाशिवाय सेटिंग होत नाही’ म्हणून आणखी १,८५०. ते कार्ड आजपर्यंत आलेलं नाही. विकणारा कागलकडचा. बेळगाव, निपाणी, कोल्हापूरच्या ग्रुपांवर तोच सेट अजून फिरतोय, म्हणून हे लिहितोय.

सेटमध्ये ६० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), ३५०० केव्हीची (दर व्होल्टला तेवढे फेरे) ब्रशलेस मोटर, फ्लायबारलेस युनिट (हेलिकॉप्टर स्थिर ठेवणारं सर्किट), पात्यांचे कोन हलवणारे चार ‘डिजिटल मेटल गिअर’ सर्वो आणि ३एस २२०० एमएएच ४०सी लायपो बॅटरी. ३एस म्हणजे ओळीनं जोडलेले तीन सेल, ४०सी म्हणजे ती किती जोरात करंट देऊ शकते त्याचा आकडा. भाव पडेल असता तर कुणालाही शंका आली असती. भाव बाजारासारखाच होता, तिथंच फसगत झाली.

खरं तर व्हिडिओतच सगळं होतं. बहुतेक ईएससी चालू होताना सेल मोजतात आणि तेवढ्या बीप देतात. ३एसला तीन. त्याच्या व्हिडिओत दोनच वाजल्या. मी त्या ऐकल्या, पुन्हा लावून ऐकल्या आणि तिसरी मोबाइलने पकडली नसेल असं स्वतःच ठरवून टाकलं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रोज मोटारींशी काम करणाऱ्याला हे कळायला नको? २एसवर, ब्लेड न लावता मोटर फिरवली तर करंट नावालाच लागतो, कुठलाही भंगार ईएससी त्यात पास होतो. लोडशिवायचा व्हिडिओ म्हणजे पुरावा नव्हे. मध्ये वॉटमीटर लावून, ब्लेडसकट, पूर्ण चार्ज ३एसवर चालवून दाखव म्हणायचं. टाळाटाळ केली की पैसे द्यायचे नाहीत.

दुसरी खूण वजनाची. ३एस २२०० चा पॅक साधारण १७० ते २०० ग्रॅम भरतो. हा १३१ भरला, पण काट्यावर ठेवला तो घरी आल्यावर. माल घ्यायला जाताना खिशात छोटा काटा ठेवा. चार्जरवर इंटर्नल रेझिस्टन्स पाहिला तर दोन सेल १४ आणि १६ मिलिओम, तिसरा ३८. चांगल्या २२०० च्या सेलचा आकडा एक अंकी, फार तर दहाच्या आसपास असतो. वरचं ४०सीचं लेबल सोललं तर खाली दुसरं लेबल.

हॉवरला, म्हणजे एका जागी तरंगताना, ४५० साइज साधारण १५ अँपिअरच्या आसपास ओढतं, कलेक्टिव्ह (पात्यांचा कोन) जोरात दिलं की तीस-चाळीसपर्यंत जातं. उडवलं तर तिसऱ्या मिनिटाला ईएससीतून धूर निघाला, मोटर बंद पडली आणि हेलिकॉप्टर आपटलं. मेन शाफ्ट, फेदरिंग शाफ्ट आणि दोन्ही ब्लेड गेली. ते पैसे वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. ईएससीवरचं हीटश्रिंक (प्लास्टिकचं आवरण) कापल्यावर आतल्या बोर्डावर ‘२५ए’ छापलेलं स्पष्ट दिसत होतं.

बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्वोंना ५ व्होल्ट पुरवणारा ईएससीतला भाग, तोही लिनिअर निघाला. ११.१ व्होल्टमधले ५ सर्वोंना मिळतात, उरलेले ६.१ नुसती उष्णता होतात. चार सर्वोंनी मिळून २ अँपिअर ओढले तरी १२ वॅट त्या इवल्याशा चिपवर. गरम झाला की तो कट मारतो, रिसीव्हर बंद, हेलिकॉप्टर खाली. फ्लायबारलेसला ५ अँपिअरचा स्विचिंग (कमी तापणारा) बीईसी हवाच. ईएससीत नसेल तर वेगळा लावा.

सर्वो तर ॲनालॉग होते, वर डिजिटलचे स्टिकर. ॲनालॉग सर्वोला ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० सिग्नल, चालतं. युनिटमध्ये ३३३ ठेवलं की मोटर तापून जळते. अनोळखी सर्वो आधी ५० वरच जोडा. खालचे चार स्क्रू काढून गिअर बघा: इथं वरचा एकच गिअर धातूचा, आतले सगळे प्लास्टिक.

एवढं सगळं पिशवीत घालून पोलीस स्टेशनला गेलो. आधी ‘खेळण्याची तक्रार?’ मग अर्ज कानडीत लिहून आणा. कानडीत लिहून नेला, तर विकणाऱ्याचं खातं महाराष्ट्रातलं, तिकडं जा. तिकडं गेलो, तर तुम्ही कर्नाटकातले, रोख रक्कमही कर्नाटकात दिली, मागं जा. कोगनोळी नाक्याच्या अलीकडं-पलीकडं चार फेऱ्या! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला नोंदवून घ्यावा लागतो. हे बोललो तर ‘कायदा आम्हाला शिकवू नका’. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, तर माल मिळालाय ना, मग हा व्यवहारातला वाद. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. रोख ९,४०० बद्दल तर कुणी ऐकूनच घेत नाही. सीमाभागातल्या माणसाला दोन्हीकडं दार बंद, हे ऐकत मोठे झालो, आता स्वतःच्या पैशांवर अनुभवलं.

ग्राहक आयोगाचा रस्ता उरलाय. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. पण माझ्याकडं पावती नाही, यूपीआयचे १३,८५० एवढेच कागदावर. पावतीशिवाय रोख देऊ नका. चॅट डिलीट करू नका.

गेल्या आठवड्यात तोच सेट नव्या नावानं १९,९०० ला टाकलाय. फोटोत ईएससीवर निळा हीटश्रिंक आणि डाव्या कोपऱ्यात सोललेलं लेबल. व्हिडिओ तोच. बीप मोजा, दोनच आहेत.