शब्दाला तीस पैसे: कंटेंट मिलचे लेखकाच्या बाजूने परीक्षण

संकेतस्थळांना लागणारा मजकूर ठोक भावाने लिहून घेणाऱ्या आणि लेखकाला शब्दाच्या दराने पैसे देणाऱ्या कंपन्यांना या धंद्यात कंटेंट मिल म्हणतात. त्यांच्याविषयीचे अभिप्राय बहुधा मजकूर विकत घेणारे लिहितात, कारण ग्राहक ते असतात. लेख वेळेवर आला का आणि स्वस्तात पडला का, एवढेच त्यांना पाहायचे असते. मी लिहिणाऱ्यांच्या बाजूने होते, तेव्हा हे परीक्षण त्या बाजूचे आहे. ज्या कंपनीसाठी मी इंग्रजी आणि मराठी लेख लिहिले तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हाच व्यवहार थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी चालतो आणि नाव बदलले म्हणून लेखकाच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

प्रवेश सोपा आहे. अर्ज, पॅन कार्ड, बँक खात्याचा तपशील आणि ५०० शब्दांचा एक चाचणी लेख एवढ्यावर काम सुरू होते. चाचणी लेखाला मोबदला नसतो, आणि नापसंत ठरलेल्या लेखाचे पुढे काय होते हे अर्जदाराला कळवण्याची पद्धत नाही. निवड झाली की एका व्हॉट्सॲप गटात घेतले जाते. तिथे समन्वयक विषयांची यादी टाकतात आणि जो आधी ‘डन’ लिहील त्याला तो विषय मिळतो. त्यामुळे जेवतानाही फोन नजरेआड ठेवण्याची सोय उरत नाही. प्रत्येक विषयासोबत एक ब्रीफ येते. त्यात शब्दसंख्या, उपशीर्षके, मुख्य आणि दुय्यम कीवर्ड (म्हणजे लोक शोधयंत्रात टाकतात ते शब्द), स्पर्धक संकेतस्थळांचे दुवे आणि काय लिहू नये याची यादी असते. ८०० शब्दांच्या लेखासाठी ६०० शब्दांचे ब्रीफ आल्याचे मी पाहिले आहे, आणि ते वाचण्याच्या वेळेचा मोबदला अर्थातच कोणी देत नाही.

दर कमी आहे हे या कामात शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशीच ठाऊक असते, म्हणून केवळ त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. शब्दाला ३० पैसे म्हणजे ८०० शब्दांचे २४० रुपये, हा हिशेब उघड आहे. खरी खोट शब्दांत न मोजल्या जाणाऱ्या कामात आहे. उदाहरण म्हणून पुण्यातल्या भाडेकराराच्या नोंदणीवरचा एक लेख घेऊ. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते एवढे पुष्कळांना माहीत असते. परंतु ते नेमक्या कोणत्या रकमेवर आकारतात हे स्पर्धक म्हणून दिलेल्या तीन संकेतस्थळांवर तीन तऱ्हेने सांगितलेले होते. प्रत्यक्षात करारकाळातले एकूण भाडे, परत न मिळणारी अनामत आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांची बेरीज करून त्यावर ०.२५ टक्के काढावे लागतात. हे सरकारी स्रोतावर शोधून, एका काल्पनिक भाड्याचे गणित मांडून आणि ते पुन्हा तपासून लिहायला जवळपास तास जातो, आणि त्यातून लेखात जे एक वाक्य उतरते त्याचे शब्द २५ आणि मोबदला साडेसात रुपये. दुसऱ्या एखाद्याने तीनपैकी कोणत्याही संकेतस्थळावरचे चुकीचे वाक्य शब्द फिरवून उतरवले असते, तर त्यालाही तेवढेच मिळाले असते, शिवाय त्याचा तास वाचला असता. शब्दाच्या दराने पडताळणीची किंमत शून्य ठरते, आणि जो लेखक तरीही पडताळणी करतो तो ती स्वतःच्या खिशातून करतो. या सेवेविषयी माझा मुख्य आक्षेप हाच आहे. बाकीच्या तक्रारी याच्याच फांद्या आहेत.

रिव्हिजनचे, म्हणजे परत आलेल्या लेखाच्या दुरुस्तीचेही तसेच. करारात ‘ग्राहकाचे समाधान होईपर्यंत’ असे शब्द होते, संख्या नव्हती. ‘टोन थोडा क्रिस्प करा’ असा एका ओळीचा शेरा मारून परत आलेल्या लेखात नेमके काय बदलायचे हे कोणी सांगत नाही, समन्वयकालाही ते माहीत नसते, कारण तोही ग्राहकाचा निरोप जसाच्या तसा पुढे ढकलत असतो. ब्रीफ वाचणे, शोध, लेखन, प्लॅजरिझमची (उचलेगिरीची) तपासणी आणि एखादी रिव्हिजन मिळून ८०० शब्दांना साडेतीन-चार तास सहज जातात, म्हणजे तासाला साठ-सत्तर रुपये पडतात. एवढ्यात वीज आणि इंटरनेटही आपलेच.

मराठी लेखांना याखेरीज एक वेगळा जाच आहे. ब्रीफमध्ये ‘भाडेकरार नोंदणी पुणे’ हा कीवर्ड जसाच्या तसा सहा वेळा यावा अशी अट असते. मराठीत नाम वाक्यात आले की त्याला विभक्तीचा प्रत्यय लागतो. ‘पुण्यात भाडेकराराची नोंदणी’ असे सरळ लिहिले की मोजणाऱ्या साधनाला कीवर्ड सापडत नाही, रकाना लाल होतो आणि लेख परत येतो. मग ‘भाडेकरार नोंदणी पुणे करताना कोणती कागदपत्रे लागतात’ असे वाक्य रचावे लागते, जे अप्पा बळवंत चौकापासून हडपसरपर्यंत कोणाच्याही तोंडून निघणार नाही. ही अट इंग्रजीवरून उचललेली आहे आणि मराठीला ती लागू का पडत नाही हे समजावून सांगितले, तर ‘क्लायंटला असेच हवे आहे’ एवढेच उत्तर मिळते. आंतरजालावरचे पुष्कळसे मराठी लेख यंत्राने अनुवाद केल्यासारखे का वाटतात, याचे निदान एक कारण या लाल रकान्यात आहे.

ही पद्धत इथे जन्मली नाही. अमेरिकेत २००६ साली स्थापन झालेल्या डिमांड मीडिया या कंपनीने लोक काय शोधतात, त्या शब्दांवरच्या जाहिरातींना किती पैसे मिळतात आणि त्या विषयावर आधीच किती मजकूर आहे, यांचा हिशेब संगणकाला करायला लावून शीर्षके काढण्याची रीत रूढ केली आणि मुक्त लेखकांना साधारण १५ डॉलरला एक लेख या दराने ती शीर्षके भरायला दिली. तिच्या ईहाऊ या संकेतस्थळावर असे लेख ढिगाने जमा झाले, जानेवारी २०११ मध्ये कंपनीचे समभाग न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आले, आणि पुढच्याच महिन्यात गूगलने उथळ मजकुराला शोधनिकालांत खाली ढकलणारा पांडा हा बदल आणला. कंपनीची घसरण सुरू झाल्यावर लेखकांचे काम आटत गेले. याहूने २०१० मध्ये विकत घेतलेल्या असोसिएटेड कंटेंट या अशाच कंपनीची कथाही फार वेगळी नाही: २०१४ मध्ये ती सेवा बंद झाली आणि लेखकांनी वर्षानुवर्षे लिहिलेले लेख संकेतस्थळावरून उतरवले गेले. मिलसाठी लिहिलेला मजकूर हा लेखकाचा संचय ठरत नाही, हे तेव्हाच दिसून आले होते.

दराच्या बाबतीत टेक्स्टब्रोकर या दुसऱ्या एका मिलची पद्धत मात्र निदान उघड होती. लेखकाला संपादक तारे देत आणि ताऱ्यांवर दर ठरे. अमेरिकेतल्या तिच्या सेवेत अनेक वर्षे तीन ताऱ्यांना शब्दामागे १ सेंट, चार ताऱ्यांना १.४ सेंट आणि पाच ताऱ्यांना एकदम ५ सेंट असा दर होता. चार ताऱ्यांच्या लेखकाला ८०० शब्दांचे ११.२० डॉलर मिळत. हा लेख दीड तासाच्या आत संपला तरच त्याची कमाई तासाला ७.२५ डॉलर या तिथल्या संघराज्य पातळीवरच्या किमान वेतनाच्या वर राहणार, आणि मुक्त लेखकाला ते किमान वेतन कायद्याने लागूही नसते. पण आपण कोणत्या पायरीवर आहोत आणि वरच्या पायरीला किती मिळते हे तिथल्या लेखकाला दिसत तरी होते. आमच्या गटात शेजारच्या लेखकाचा दर विचारणे हा शिष्टाचाराचा भंग मानला जाई, आणि तो नियम कोणाच्या सोयीचा होता हे सांगायला नको.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर या व्यवहाराचे रूपच पालटले. आता यंत्राने लिहिलेला मसुदा पाठवून तो ‘मानवी’ करून मागण्याची कामे येतात आणि त्यांचा दर मूळ लेखनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, जरी चुकीची विधाने हुडकून काढायला मूळ लेखनाइतकाच वेळ लागतो. दुसरीकडे स्वतः लिहिलेला लेख एआय-शोधक साधनातून जावा लागतो आणि त्याने ‘६२ टक्के एआय’ असा निकाल दिला, की तो खोटा ठरवण्याची जबाबदारी लेखकावर येते. ओपनएआयने स्वतःचेच असे साधन अचूकता कमी असल्याचे कारण देऊन जुलै २०२३ मध्ये मागे घेतले होते, ही गोष्ट मी समन्वयकांना कळवली होती. त्यावर मला अंगठ्याची इमोजी आली आणि धोरण तसेच राहिले.

काही गोष्टी या सेवेच्या बाजूने सांगितल्याच पाहिजेत. ग्राहक शोधावा लागत नाही, भावासाठी घासाघीस करावी लागत नाही, आणि फ्रीलान्सिंगच्या मोठ्या संकेतस्थळांवर कामासाठी अर्ज करायलाच ‘कनेक्ट्स’ नावाची टोकन विकत घ्यावी लागतात तसे इथे काही नाही. अपरिचित विषयाची तोंडओळख करून घेऊन चार तासांत सुसंगत मजकूर उभा करण्याची सवय हाताला लागते, आणि ती पुढे खरोखर उपयोगी पडते. महाविद्यालयात शिकणाऱ्या किंवा एका नोकरीतून दुसरीकडे जाण्याच्या मधल्या काळात हात चालू ठेवू पाहणाऱ्या व्यक्तीने काही महिने हे काम करायला माझी हरकत नाही. ज्यांच्याकडे औषधनिर्माण, करआकारणी किंवा शेती अशा एखाद्या विषयाचे खरे ज्ञान आहे, त्यांनी मात्र ते शब्दाच्या भावाने विकू नये. त्या ज्ञानाला थेट ग्राहकाकडे काही पटींनी अधिक मोल मिळते. पाचपैकी दोन तारे मी या सेवेला देईन, आणि त्यातला एक रात्री अकरा वाजताही सभ्यपणे उत्तर देणाऱ्या समन्वयक मुलीचा आहे.

नावाचा प्रश्न करारातच निकालात निघालेला असतो. लेख दुसऱ्याच्या नावाने किंवा विनानाव छापला जातो आणि तो नमुना म्हणून दाखवण्यालाही बंदी असते, त्यामुळे ढीगभर लिहूनही पोर्टफोलिओ रिकामाच राहतो. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ते ५ वर्षांपुरते व प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते मानले जाते. बहुतेक करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द न चुकता असतात ते यासाठीच. ते खोडून मागितले तर मिळत नाहीत; परंतु दोन-तीन लेख नावासह नमुना म्हणून दाखवण्याची परवानगी मागितली तर ती कधी कधी मिळते, आणि ती ईमेलवर घ्यावी.

पैसे बुडवले गेले नाहीत, पण लांबले. लेख मंजूर झाल्याच्या महिन्यानंतर ६० दिवसांनी रक्कम जमा होईल असे करारात होते, आणि मंजुरीच ग्राहकाच्या मर्जीवर असल्याने ते ६० दिवस कधी सुरू झाले हे शेवटपर्यंत कळत नसे. मोबदल्यातून आधीच कापलेला प्राप्तिकर (टीडीएस) विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतो, हे नव्या लेखकांपैकी अनेकांना माहीत नसते. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरचे वार्षिक माहिती विवरण पाहून तो खरोखर जमा झाला आहे ना याची खात्री करावी. उशिरावरचा उपाय २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे. उद्यम ही लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवापुरवठादाराचे पैसे, करारात काहीही मुदत लिहिली असली तरी, काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. घरी बसून एकट्याने लिहिणाऱ्या व्यक्तीलाही ही नोंदणी करता येते. ती आधार आणि पॅनच्या आधारे सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते, तेव्हा पहिले इन्व्हॉइस पाठवण्याआधी ती करून घ्यावी आणि नोंदणी क्रमांक प्रत्येक इन्व्हॉइसवर ठळक छापावा.