'मादामा बटरफ्लाय' (कारायान, १९७४): काही महिने ऐकल्यानंतर

ऑपेराच्या, म्हणजे सबंध गाऊन सादर होणाऱ्या नाटकाच्या, ध्वनिमुद्रणाचा तीन सीडींचा संच. संगीत जाकोमो पुच्चिनी, संचालन हर्बर्ट फॉन कारायान, वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मोनिक. नायिका चिओ-चिओ-सान मिरेला फ्रेनी, तिला सोडून जाणारा अमेरिकन नवरा पिंकर्टन लुचियानो पाव्हारोत्ती, तिची मोलकरीण सुझुकी क्रिस्टा लुडविग. पावसाळ्यात घेतला, दिवाळी उलटली तरी फडताळात गेलेला नाही.

आधी तक्रार. हळू जागा इतक्या हळू आहेत की पंखा चालू असेल तर काही कळत नाही. आवाज वाढवावा, तर पुढच्या मिनिटाला सगळा वाद्यवृंद अंगावर येतो आणि शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात. रात्री हेडफोनला पर्याय नाही. मोबाइलवर ऐकणार असाल तर दोन ट्रॅकमध्ये खंड पडणार नाही अशी सेटिंग आधी शोधा. हे संगीत कुठेच थांबत नाही, मध्ये क्षणभराची शांतता आली की सगळा विचका होतो.

आता मुद्द्याचं. नायिका मरणार हे पहिल्यापासून ठाऊक असताना हा ऑपेरा पुन्हा पुन्हा का ऐकवतो? माझ्या मते पुच्चिनी तिला रडकी गाणी देत नाही म्हणून. चिओ-चिओ-सान शेवटापर्यंत आशेवर जगते. तिला जे कळत नाही ते वाद्यवृंदाला आधीच कळलेलं असतं, आणि आपण मध्ये अडकतो.

तिचा प्रवेशच बघा. नागासाकीच्या टेकडीवर ती दिसण्याआधी मैत्रिणींच्या घोळक्यातून तिचा आवाज वर चढत येतो. वय पंधरा. फ्रेनीने ही भूमिका रंगमंचावर कधीच पूर्ण केली नाही, फक्त ध्वनिमुद्रणासाठी आणि चित्रपटासाठी गायली. स्टुडिओत मोठ्या वाद्यवृंदावर मात करण्याची गरज नसल्यामुळे तिला आवाज कोवळा ठेवता आला, असं मला वाटतं.

दुसऱ्या अंकातलं 'उन बेल दी वेद्रेमो' सगळ्यांना माहीत असतं. तीन वर्षं नवऱ्याचा पत्ता नाही, आणि ही सुझुकीला तो कसा परतेल ते जसंच्या तसं रंगवून सांगते: क्षितिजावर धुराची रेघ, बंदरात पांढरं जहाज, गर्दीतून निघालेला माणसाचा एक ठिपका. गाणं आशेचं, पण चाल वरच्या सुरावर अगदी हळू सुरू होते आणि खाली उतरत जाते. हे एकदा लक्षात आलं की ते गाणं आनंदाने ऐकणं अशक्य होतं.

माझी सर्वांत आवडती जागा मात्र वेगळी. अमेरिकेचा वाणिज्यदूत शार्पलेस पिंकर्टनचं पत्र वाचून दाखवायला येतो. पत्रात वाईट बातमी आहे, पण ती प्रत्येक वाक्याला आनंदाने मध्येच बोलते आणि पत्र पुरं होतच नाही. खाली तंतुवाद्यांवर छेडलेली साधी धून चालू असते. शेवटी शार्पलेस विचारतो, पिंकर्टन कधीच आला नाही तर? ती म्हणते, दोन गोष्टी करता येतील: पुन्हा लोकांना गाऊन रिझवायचं, किंवा त्यापेक्षा बरं, मरायचं. हे ती लहान मुलीसारखं चाचरत सांगते.

मग पिंकर्टनचं जहाज बंदरात येतं. ती, सुझुकी आणि तिचं मूल घराच्या कागदी पडद्याला भोकं पाडून रात्रभर वाट बघत बसतात. रंगमंचामागून कोरस, म्हणजे गायकांचा समूह, ओठ मिटून गुणगुणतो, आणि ती धून कुठली? पत्राचीच. ज्या सुरांवर 'तो तुझा राहिला नाही' हे वाचायचं राहून गेलं, त्याच सुरांवर ती त्याची वाट बघते. शब्द एकही नाही. मला हे बऱ्याच उशिरा कळलं, कारण दोन्ही जागा इतक्या साध्या आहेत की कान सहज पुढे जातो. कारायानची संथ लय पहिल्या अंकात, लग्नाला जमलेल्या नातेवाइकांच्या गडबडीत, मला रेंगाळलेली वाटते. इथे मात्र ती कमालीची शोभते.

हाच ऑपेरा १७ फेब्रुवारी १९०४ ला मिलानच्या ला स्कालात हुर्यो उडून पडला होता. पुच्चिनीने तो लगेच मागे घेतला, लांबलचक दुसरा अंक दोन भागांत तोडला, पिंकर्टनला पश्चात्तापाचं एक गाणं दिलं, आणि मे महिन्यात इटलीतल्याच ब्रेशा शहरात तो यशस्वी झाला. ते गाणं पाव्हारोत्ती सुरेख गातो, पण पिंकर्टनबद्दल सहानुभूती वाटावी इतकं काही त्यात नाही. बरंच आहे ते.

शेवटचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, नीट ऐका. बी मायनर या स्वरपट्टीत संपायला हवं. सा तोच राहतो, पण पंचमाच्या जागी कोमल धैवत येऊन बसतो आणि पडदा पडतो. संगीत घरी परत येतच नाही.

इटालियन येत नसेल तर पहिल्या दोन-तीन वेळा अनुवाद समोर ठेवूनच ऐका. आणि ही लय फारच संथ वाटली तर संचालक बार्बिरोलीचं १९६६ चं रोमचं ध्वनिमुद्रण घ्या. त्यातली रेनाता स्कॉटो शब्दन् शब्द जास्त टोचून म्हणते. माझी पसंती तरीही फ्रेनीच.