स्पिक्यूल क्रीम आणि अ‍ॅक्युपंक्चर : दोन्ही काही महिने घेतल्यानंतरचा अनुभव

आधी निष्कर्ष सांगते. गालांवरचा खडबडीतपणा, पिंपल्स गेल्यावर उरलेले फिकट डाग आणि निस्तेजपणा यांसाठी स्पिक्यूल क्रीम, म्हणजे स्पंजाचे बारीक काटे घातलेलं क्रीम, उपयोगी पडतं. जबडा सतत आवळलेला राहतो, कपाळ आणि मान जड होते, अशा माणसाने अ‍ॅक्युपंक्चर घेऊन बघावं. पण एकाचं काम दुसऱ्याने होत नाही. या क्रीमची तुलना काही जाहिरातींत थेट अ‍ॅक्युपंक्चरशी केलेली असते आणि ती वाचून लोक चुकीच्या अपेक्षेने पैसे घालतात. मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून इतकं लांबलचक लिहितेय.

क्रीममधले काटे नक्की कसले असतात ते आधी बघू. गोड्या पाण्यातला स्पाँजिला आणि काही समुद्री स्पंज यांचं शरीर सिलिकाच्या बारीक काट्यांच्या आधारावर उभं असतं. स्पंज सुकवून, धुऊन त्यातला सेंद्रिय भाग काढून टाकला की हे काटे उरतात, त्यांनाच स्पिक्यूल म्हणतात. एका काट्याची जाडी दहा-वीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास आणि लांबी मिलिमीटरचा काही दशांश भाग. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर चेहऱ्यावर जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा असतो. क्रीम चोळलं की काही काटे या थरात आडवेतिडवे रुततात, त्यांच्या कडेने क्रीममधले घटक थोडे जास्त आत जातात आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत ते काटे मृत पेशींबरोबर गळून पडतात. कल्पना जुनीच आहे. रशियात याच स्पंजाची पूड 'बद्यागा' नावाने मुक्या मारावर लावण्याची घरगुती पद्धत कधीपासून आहे.

डब्यावर 'नैसर्गिक' लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. पण नैसर्गिक म्हणजे सौम्य असं समजून चालू नका. सिलिका टोचायची ती टोचतेच. शिवाय स्पंज हा प्राणी आहे, वनस्पती नाही, तेव्हा प्राणिजन्य काहीच न वापरणाऱ्यांनी घटकांच्या यादीत 'हायड्रोलाइज्ड स्पंज' किंवा 'स्पाँजिला' शोधावं.

आता लावल्यावर काय होतं. पहिल्या रात्री चोळताना बारीक वाळू फिरवल्यासारखं वाटलं आणि मिनिटाभरात गालभर टोचायला लागलं. ती आग नव्हती, खाजही नव्हती. बोट जिथे टेकेल तिथे टोच, हात काढला की बंद. उशीला गाल लागला की पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना ते जाणवत होतं, लालसरपणा मात्र दुपारपर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी नाकाच्या बाजूला बारीक कोंडा सुटला. तिथे खरवडायचा मोह फार होतो, पण फक्त मॉइश्चरायझर लावायचं आणि सोडून द्यायचं.

पहिले काही आठवडे मला फरक दिसला तो फक्त स्पर्शाचा. गाल मऊ लागायला लागले. डागांकडे बघून काहीच हललेलं दिसत नव्हतं, आणि तेही साहजिक आहे, कारण वरची त्वचा पूर्ण बदलायलाच साधारण महिना लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हनुवटीवरचे तपकिरी डाग फिके झाले. नाकाजवळची रंध्रं आधीपेक्षा स्वच्छ दिसतात, त्यांचा आकार मात्र तेवढाच आहे. कानशिलाजवळ पिंपल्सचे दोन खोल खड्डे आहेत, त्यांत तसूभरही फरक नाही, आणि पडणारही नाही. खड्ड्याचं मूळ त्वचेच्या आतल्या थरात असतं आणि हे काटे बहुतेक वरच अडतात.

खड्ड्यांसाठी जे काम करतं ते दवाखान्यातलं मायक्रोनीडलिंग, आणि ते या दोन्हींपेक्षा वेगळं प्रकरण आहे. १९९७मध्ये कामिरँड आणि डुसे यांनी शाई न भरलेलं टॅटू मशीन व्रणांवर फिरवून व्रण सुधारतात असं मांडलं. त्यानंतर सुयांचे रोलर आले, मग पेनसारखी यंत्रं आली. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अशा यंत्राला चेहऱ्यावरच्या पिंपल्सच्या व्रणांसाठी पहिल्यांदा परवानगी दिली ती २०१८मध्ये. तिथे सुया अर्ध्या मिलिमीटरपासून पुढे, रक्ताचे बारीक ठिपके येईपर्यंत आत जातात, आणि त्या जखमा भरताना नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, तयार होतं. क्रीमच्या डब्यावर 'कोलॅजन वाढवतं' असं वाचलं की ही खोली आठवा.

अ‍ॅक्युपंक्चर मी मूळ चेहऱ्यासाठी घेतलंच नव्हतं. झोपेत दात आवळायची सवय आणि त्यातून येणारी डोकेदुखी, हे कारण होतं. त्याच बैठकांमध्ये पुढे चेहऱ्याचे बिंदूही (सुया टोचायच्या ठरलेल्या जागा) घेतले, त्यामुळे तुलना करता आली. ही सुई भरीव, पोलादी, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, चेहऱ्यासाठी त्याहून बारीक. स्पिक्यूलच्या निदान दहापट जाड. ती त्वचा ओलांडून काही मिलिमीटर, मांसल जागी त्याहून खोल जाते आणि वीस मिनिटं ते अर्धा तास तशीच ठेवतात. गंमत म्हणजे एवढी जाड सुई जाताना जवळपास कळत नाही. कळतं ते नंतर. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या 'हेगू' बिंदूवर सुई बसली की हात आतून जड झाल्यासारखा ठणकतो. चिनी परंपरेत या जाणिवेला 'दे ची' म्हणतात आणि सुई योग्य बसल्याची ती खूण मानतात. जबड्याच्या कोपऱ्यावरचा 'जियाचे' हा बिंदू चावण्याच्या स्नायूतच येतो. तिथे मला सुई असतानाच स्नायू सैल पडल्याचं स्पष्ट जाणवायचं. काही बैठकांनंतर सकाळी उठल्यावर जबडा दुखणं बरंच कमी झालं आणि डोकेदुखीच्या गोळ्याही कमी लागायला लागल्या.

हे सुयांमुळेच झालं का? दीर्घकाळच्या दुखण्यावर आणि वारंवार येणाऱ्या डोकेदुखीवर अ‍ॅक्युपंक्चरने फायदा होतो असं दाखवणाऱ्या चाचण्या आहेत. पण टोचल्यासारखं भासवणाऱ्या खोट्या सुयांशी तुलना केली की फरक लहान उरतो. शांतपणे अर्धा तास पडून राहणं आणि कुणीतरी लक्ष देऊन आपलं दुखणं ऐकणं, यांचाही वाटा असणार. हे माहीत असूनही मी ते पुन्हा घेईन, कारण माझा जबडा खरंच सुटला. मात्र ऊर्जेच्या वाहिन्या मोकळ्या झाल्या म्हणून चेहरा उजळला, असं कुणी सांगितलं तर मी मानणार नाही. परंपरा दोन हजार वर्षांची आहे, 'ह्वांगदी नेइजिंग'सारख्या प्राचीन ग्रंथात तिचं सविस्तर वर्णन आहे, २०१० साली युनेस्कोने तिला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिच्या वयावरून डाग जातील की नाही ते ठरत नाही.

चेहऱ्यावरच्या बैठकांचा परिणाम काय दिसला, तर त्याच संध्याकाळी चेहरा गुलाबी, ताजा, कपाळ मोकळं. दुसऱ्या दिवशी त्वचा होती तशी. डाग, रंध्रं, पोत, कशातच बदल नाही. सुईने कोलॅजन वाढतं हा तर्क इथेही लावतात, पण हिशेब जमत नाही. रोलरच्या एका चाकावरच १९२ सुया असतात आणि तो एकाच जागेवरून पुन:पुन्हा फिरवतात. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये अख्ख्या चेहऱ्याला फार तर दोन-तीन डझन सुया. एकदा डोळ्याखाली काळंनिळं झालं आणि ते जायला आठवडा लागला. तिथली कातडी पातळ असते, त्यामुळे असं होऊ शकतं. ज्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हे आधीच सांगावं. सुया एकदाच वापरायच्या आणि पाकीट आपल्यासमोर फोडलेलं हवं, यावर अजिबात तडजोड करू नका.

क्रीम घेणार असाल तर सगळ्यात कमी तीव्रतेपासून सुरू करा. डब्यांवरचे तीव्रतेचे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, एका कंपनीचा आकडा दुसरीला लावू नका. मी आठवड्यातून एकदाच लावते, फक्त रात्री, आणि त्या रात्री व त्यानंतरच्या दोन रात्री रेटिनॉल, ग्लायकॉलिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन सी यांपैकी काहीही नाही. वर साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. आतला रस्ता थोडा उघडलेला असतो, तेव्हा सुगंध असलेलं काहीही जास्त झोंबतं. सकाळी सनस्क्रीन चुकवायचं नाही. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर साध्या जळजळीचाही काळा डाग राहू शकतो, त्यामुळे ज्या डागांसाठी हे लावायचं तेच वाढण्याचा धोका आपल्याला जास्त. पिकलेले पिंपल्स, एक्झिमा, रोझेशिया किंवा ओठाजवळ नागीण उठलेली असेल तर हे लावूच नका. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग केल्यावर दोन-तीन दिवस थांबा. आणि आधी कानामागे किंवा जबड्याखाली थोडंसं लावून तीन दिवस वाट बघा, कारण रुतलेले काटे तोंड धुऊन निघत नाहीत.