आय-७ १२७०० : दिसतात २०, कामाचे ८

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असेंबल करून घेतलेल्या, इंटेल आय-७ १२७०० प्रोसेसरच्या मशीनचा रिव्ह्यू आहे, वर्षभर वापरून लिहितोय. माझं काम म्हणजे एसीच्या डक्टमधली हवा ओपनफोमवर (हवा-पाण्याच्या प्रवाहाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघणं. दुकानदार म्हणाला, "साहेब २० कोर आहेत, नुसता उडेल." २० कोर वगैरे काही नाही हो, ८ मोठे पी-कोर, ४ छोटे ई-कोर, मोठ्यांचे दोन-दोन थ्रेड (एकाच कोरवर शेजारी-शेजारी चालणारी कामं) धरले की २० होतात. पण मीपण हुरळलो, मेशचे (डक्टमधली जागा ज्या बारीक खान्यांत वाटतात ती जाळी) थ्रेडमागे एक असे २० तुकडे केले, रात्री जॉब लावून झोपलो, सकाळी लोकल पकडायच्या आधी बघतो तर अर्ध्यावरच.

आणि टॉपमध्ये (कोर किती बिझी आहेत ते दाखवणारी लिनक्सची कमांड) सगळे १०० टक्के! त्याने फसायला होतं, कारण नुसती वाट बघत थांबलेली एमपीआय (तुकड्यांची आपसात देवाणघेवाण करणारी यंत्रणा) प्रोसेसपण कोर फिरवतच ठेवते. होतं काय, तर पंगतीसारखं. स्कॉचने (मेशचे तुकडे पाडणारी पद्धत) मेश कापली की सगळ्या पानांवर सारखंच वाढलं जातं, आणि प्रेशर सॉल्व्हरच्या (हवेचा दाब काढणारं गणित) दर फेरीला शेवटचा जेवून उठेपर्यंत कोणालाच उठता येत नाही. ई-कोर ३.६ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही, त्याचा भातच संपत नाही आणि बाकीचे हात वाळवत बसलेत. मोठ्या कोरवर दोन प्रोसेस बसवल्या तर त्या एकाच ताटात जेवणार, त्याचाही फायदा शून्य.

मग लिनक्सवर कुठला नंबर कुठल्या कोरचा ते दाखवणारी एलएससीपीयू -ई कमांड मारून बघितली. माझ्याकडे ० ते १५ पी-कोरचे थ्रेड, १६ ते १९ ई-कोर. तुकडे ८ केले, टास्कसेटने (जॉब ठरावीक कोरवरच चालवणारी कमांड) ०, २, ४ असे १४ पर्यंतचे सम नंबर दिले, म्हणजे प्रत्येक पी-कोरचा एकच थ्रेड, आणि जॉब सुरू करणाऱ्या एमपीआयरनला बाइंड-टू नन सांगितलं, म्हणजे त्याने स्वतः कोर वाटू नयेत. तोच जॉब २० पेक्षा लवकर संपला, आणि ई-कोर मोकळे राहतात त्यावर पॅराव्ह्यू (निकाल चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर), ब्राउझर आरामात. विंडोज ११ वाल्यांनी सॉल्व्हरची विंडो मिनिमाइज करून ठेवू नका, बॅलन्स्ड पॉवर मोडमध्ये ती बॅकग्राउंडची समजून ई-कोरवर ढकलली जाऊ शकते.

दुकानाला मात्र दोनच स्टार (नाव नाही घेत). रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक सांगितलेल्या, ३२ ची एकच लावून दिली, वर "दोन्ही सारखंच साहेब" म्हणे. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक म्हणजे कागदावर २५.६ जीबी पर सेकंद, दोन स्टिक दोन चॅनलला (रॅम ते प्रोसेसरची वाट) लावल्या की ५१.२. सीएफडी (हे प्रवाहाचं गणित) मेमरीवरच अडतं, कोर कितीही असू देत. परत ग्रँट रोडला उतरलो, तासभर हुज्जत घातली तेव्हा बदलून दिली.

प्रोसेसरला साडेतीन. एडिटिंग, कंपायलिंग असं मिक्स काम असेल तर झकास आहे. नुसतं सिम्युलेशनच करायचं असेल आणि बजेट कमी असेल तर आय-५ १२४०० बघा, त्यात ६ पी-कोर आहेत आणि ई-कोर नाहीतच, म्हणजे ही छोट्या-मोठ्या कोरची भानगडच नाही.